उसन्या आवाजाचे मोल

कल्याणहून येणाऱ्या रस्त्याला शीळफाट्याच्या परिसरात फाटे फुटतात. एक वाट मुंब्र्यावरून ठाण्याकडे वळते, दुसरी महापेमार्गे नवी मुंबईत उतरते, तिसरी तळोज्यावरून पनवेलला जाते. येथील वाहतूककोंडीची ख्याती सर्वदूर असल्यामुळे वाटसरूस रस्त्याकडेचे फलक वाचण्यास वेळ भरपूर मिळतो. त्या फलकांत घरांच्या जाहिरातींच्या जोडीने एक ठरावीक प्रकार आढळतो. दिवंगत गायकाचे मोठे छायाचित्र, त्याखाली हयात गायकाचे लहान छायाचित्र आणि 'व्हॉइस ऑफ किशोर', 'व्हॉइस ऑफ रफी' असे एखादे बिरुद. नाट्यगृह कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर असेल, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर असेल, ठाण्याचे गडकरी रंगायतन असेल किंवा वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह असेल. कार्यक्रमाचा साचा बहुधा एकच असतो. गेलेल्या आवाजाची गाणी दुसऱ्या आवाजात ऐकवावयाची आणि त्यासाठी तिकीट लावावयाचे.

हे तिकीट सार्थकी लागते काय, हा प्रश्न वरवर पाहता घरखर्चाचा आहे. चौघांच्या कुटुंबाने एक संध्याकाळ आणि शीळफाट्यावरून जाण्यायेण्याचा त्रास कोणत्या कारणी लावावा, एवढाच त्याचा अर्थ घेतला तरी तो क्षुल्लक नाही. परंतु साहित्याच्या आणि कलाव्यवहाराच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक प्रश्न दिसावयास हवा. अनुकरणाला मोल असते काय, असल्यास ते कशाचे, आणि ते मोल कोणाच्या पदरात पडावे? मराठी रंगभूमीच्या आणि गायनाच्या इतिहासाने या प्रश्नाला वेळोवेळी उत्तर दिले आहे. ते नीट तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आक्षेप आधी मांडू, आणि तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू. ज्याचे गाणे ऐकावयाचे त्याची ध्वनिमुद्रिका आज प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये जवळजवळ फुकट उपलब्ध आहे. त्या मुद्रणात मूळ गायकाचा ऐन बहरातला आवाज आहे, मूळ संगीतकाराची देखरेख आहे, त्या काळातील उत्तम वादक आहेत. त्याची बरोबरी भाड्याच्या ध्वनिक्षेपकावर गाणारा कोणी दुसरा कशी करणार? सारखेपणा साधला नाही तर कार्यक्रम फसला आणि साधला तर जे आपल्याजवळ आहे तेच पुन्हा विकत घेतले. दोन्ही बाजूंनी तोटा ग्राहकाचाच. हा युक्तिवाद बिनतोड दिसतो खरा. पण तिकीट सारखेपणाचे असते, हे त्याचे गृहीत आहे. इतिहासाचा कल या गृहीताच्या विरुद्ध आहे.

महाराष्ट्रात गाणे ऐकून पैसे देण्याची रीत तिकिटाहून पुष्कळ जुनी. कीर्तनकार पूर्वरंगासाठी अभंग घेतो तो संतांचा. उत्तररंगात आख्यान लावतो तेही पुराणातले. त्याचे स्वतःचे असे त्यात काय असते? विवेचन, दृष्टान्त, आवाज आणि समोर बसलेल्या श्रोत्यांची जाण. आरतीच्या ताटात पडणारे नाणे आणि यजमानाची बिदागी त्यासाठी असे. तुकोबांचा अभंग तुकोबांच्याच आवाजात ऐकावयास मिळावा, असा हट्ट कोणी धरला नाही. गाणे दुसऱ्याचे असणे हा त्या परंपरेत दोष मानला गेला नाही, कारण दुसऱ्याचे गाणे पुढे नेणे हेच तिचे काम होते.

तिकीट आले ते नाटकाबरोबर. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस 'सीतास्वयंवर' केले ते राजाश्रयाने. पुढे राजाश्रय सरला आणि मंडळी गावोगाव फिरू लागली. १८५३ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोडवरील नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटकाच्या धंद्याची खरी सुरुवात ही होय. शीळफाट्यावरून महापेच्या दिशेने निघालेला रसिक वाशीच्या ज्या नाट्यगृहाचे तिकीट काढतो त्याला याच भाव्यांचे नाव आहे, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो.

संगीत नाटक आले आणि उसनवारीला प्रतिष्ठा मिळाली. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा प्रयोग १८८० मध्ये पुण्यात झाला. 'शाकुंतल' हे नाटकच कालिदासाच्या कृतीचे रूपांतर. त्यातील पदांच्या चालीही पुष्कळशा प्रचलित होत्या. साकी, दिंडी, लावणी, कानडी वळणाच्या चाली असे नाना प्रवाह त्यात आले होते. जुनी संगीत नाटके चाळून पाहावीत. पदाच्या माथ्यावर अमुक गाण्याच्या चालीवर, असा उल्लेख छापलेला आढळतो. उसने घेतले आहे, कोठून घेतले आहे, हे कवी वाचकाला आधीच सांगून टाकतो. हा प्रामाणिकपणा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुढे १९१६ च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींवरून चाली बांधल्या आणि शास्त्रोक्त गाण्याशी संबंध नसलेल्या हजारो प्रेक्षकांच्या कानी राग पडले. येथे उसनवारीने मूळ ठेव्याला हानी पोचली नाही. उलट त्याचे गिऱ्हाईक वाढले.

आवाजांच्या बाबतीतही हेच घडले. किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकर १८८२ मध्ये आले आणि त्यांच्या स्त्रीभूमिकांनी व गळ्याने एक पिढी वेडी झाली. १९०१ मध्ये ते वारले. त्यांनी गाजविलेली पदे तशीच राहिली, नाटके तीच राहिली, फक्त गळा गेला. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, त्याच मंडळीत शकुंतला म्हणून उभे राहिले. भाऊरावांना ऐकलेले प्रेक्षक समोर होते, तुलना अटळ होती. आजच्या भाषेत तो 'ट्रिब्यूट शो' ठरू शकला असता. तो तसा ठरला नाही, कारण बालगंधर्वांनी पदे घेतली आणि ती आपल्या गळ्याच्या धर्माने गाइली. काही वर्षांतच नव्या प्रेक्षकाला ती पदे त्यांचीच वाटू लागली. दुसऱ्या आवाजासाठी तिकीट काढणारा तो प्रेक्षक फसला, असे म्हणण्यास आज कोणी धजणार नाही.

बालगंधर्वांच्या यशानंतर मात्र खऱ्याखुऱ्या अनुकरणाचे युग सुरू झाले. त्या काळच्या पदव्याच पाहाव्यात. सवाई गंधर्व हे नाव मुळातच मोजमापाचे आहे. कोणाच्या तरी सव्वापट, असा त्याचा भाव. छोटा गंधर्व हे नावही तुलनेतूनच आलेले. पण सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर हे किराणा घराण्याचे थोर गायक आणि भीमसेन जोश्यांचे गुरू म्हणून स्मरणात राहिले, तर छोटा गंधर्वांनी, म्हणजे सौदागर गोरे यांनी, नाट्यगीताला स्वतःचे असे नाजूक वळण दिले. नाव उसने, गाणे मात्र स्वतःचे. ज्यांच्याजवळ नावाखेरीज काही नव्हते ते विस्मृतीत गेले. प्रेक्षकाने चाळणी लावली ती अशी.

या सर्वांत बोधक उदाहरण कुमार गंधर्वांचे आहे. सीमाभागातील बेळगावजवळच्या सुळेभावी गावी १९२४ मध्ये जन्मलेला शिवपुत्र कोमकळी हा मुलगा लहानपणी प्रसिद्धीस आला तो नामवंत गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखविण्यासाठी. तान, ठेका, इतकेच काय मूळ गायकाच्या लकबीही तो उचलत असे. त्या काळी लोक तिकीट काढून हा चमत्कार पाहावयास येत. ते मोल सारखेपणाचेच होते, यात शंका नाही. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिक्षण झाले, क्षयाच्या दुखण्यात वर्षे गेली, देवासचे वास्तव्य घडले, आणि हाच गायक अनुकरणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. मग त्याने बालगंधर्वांच्या पदांचा एक कार्यक्रम केला. त्याचे नाव 'मला उमजलेले बालगंधर्व'. बालपणीचा नकलाकार आणि प्रौढपणीचा हा गायक यांच्यामधील सारे अंतर 'उमजलेले' या एका शब्दात आहे. मी बालगंधर्वांसारखे गाणार आहे, असा दावा त्या नावात नाही. बालगंधर्वांच्या गाण्यात मला काय दिसले ते दाखविणार आहे, एवढेच त्यात म्हटले आहे. श्रोत्याला ध्वनिमुद्रिकेत न मिळणारे काही तरी देण्याचे हे वचन होय. आदरांजलीच्या कार्यक्रमाला याहून चांगले नाव आम्हांस सुचत नाही.

येथे एक शंका निघेल. कुमारांसारखा प्रतिभावंत विरळा. सामान्य गायकाने काय करावे? त्याने मुळाशी इमान राखू नये काय? पण मूळ म्हणजे नेमके काय, हेही तपासावयास हवे. गीतरामायणाचे उदाहरण घेऊ. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पुणे आकाशवाणीवरून त्याचे प्रसारण सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची गीते, सुधीर फडक्यांचे संगीत, आठवड्यास एक गीत. त्या वर्षी अधिक मास आल्याने संख्या बावन्नाऐवजी छप्पन्न झाली. नभोवाणीवर ही गीते गाणारे अनेक होते. माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, ललिता फडके होत्या. पात्राप्रमाणे आवाज बदलत असे. नंतर फडके स्वतः एकट्याने सगळी गीते रंगमंचावर गाऊ लागले आणि ते कार्यक्रम शेकड्यांनी झाले. आज मराठी माणसाच्या कानात गीतरामायण म्हटले की बाबूजींचा आवाज असतो. म्हणजे ज्याला आपण मूळ समजतो ते मुळात दुसरे रूप आहे. २००२ मध्ये फडके गेल्यानंतर श्रीधर फडके ही गीते गात आले आहेत, आणि गावोगावचे गायक रामनवमीला ती गातात. यात मूळ कोठे संपते आणि अनुकरण कोठे सुरू होते, हे सांगणे सोपे नाही. कृती जिवंत असली की तिचे मूळही सरकत राहते.

अनुकरणाची ही चर्चा आपल्याकडे नवी नाही, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. रससूत्राचे विवरण करताना शंकुकाने अनुकृतिवाद मांडला. नट रामाचे अनुकरण करतो आणि प्रेक्षकाला होणारी प्रतीती चित्रातील घोड्यासारखी असते. चित्रातला घोडा पाहून आपण 'हा घोडा' म्हणतो. ते खरे ज्ञान नव्हे, खोटे नव्हे, संशय नव्हे आणि नुसते सादृश्यही नव्हे. यावर अभिनवगुप्ताचे गुरू भट्ट तौत यांनी आक्षेप घेतला की ज्या रामाला प्रेक्षकाने कधी पाहिलेच नाही त्याचे अनुकरण होत आहे हे त्याने ओळखावे कसे? शिवाय दुसऱ्याच्या चेष्टेचे अनुकरण भरतमुनींनी हास्याच्या कारणांत गणले आहे. त्यातून गंभीर रस कसा निघावा?

आमच्या विषयाला हा वाद विलक्षण लागू पडतो, पण एका फरकासह. राम कोणी पाहिला नव्हता. रफी मात्र सर्वांनी ऐकलेला आहे. मूळ रूप प्रत्येकाच्या कानात पक्के असताना गायक समोर उभा राहतो. त्यामुळे श्रोत्याचे मन चित्रतुरगाच्या त्या चमत्कारिक प्रतीतीवर ठरत नाही, घसरून नुसत्या सादृश्यावर येते. ही हरकत जमली, ती जमली नाही, असा हिशोब सुरू होतो आणि हिशोब सुरू झाला की रस थांबतो. मिमिक्रीचा कलावंत आणि 'ज्युनिअर' गायक यांना जुन्या ऑर्केस्ट्रात एकाच रंगमंचावर जागा मिळत असे, यामागे हेच नाते असावे. हुबेहूब नक्कल ऐकून प्रथम ओठांवर येते ते हसू आणि टाळी. डोळ्यांत पाणी यावयास गायकाला सादृश्यापलीकडे जावे लागते. मग श्रोता तुलना विसरतो आणि गाण्याकडे वळतो.

हा प्रकार आपल्याच मुलखातला आहे असे मात्र नाही. पाश्चात्त्य संगीतात अशा वृंदांना 'ट्रिब्यूट बँड' म्हणतात. त्यांतील दोन प्रसिद्ध वृंद, अब्बाची गाणी गाणारा 'ब्योर्न अगेन' आणि 'ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉइड शो', १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात निघाले. मूळ कलावंत त्या दूरच्या खंडात क्वचितच येत, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. यांपैकी दुसऱ्या वृंदाला १९९६ मध्ये खुद्द पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमरने आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाला वाजवावयास बोलाविले. बीटल्सची गोष्ट आणखी उद्बोधक आहे. त्यांनी ऑगस्ट १९६६ नंतर जाहीर दौरे बंद केले. त्यानंतर ध्वनिमुद्रित झालेली त्यांची बहुतेक गाणी त्यांनी श्रोत्यांपुढे कधी गाइलीच नाहीत. ही गाणी सभागृहात ऐकावयाची तर दुसऱ्या कोणाकडून ऐकणे भाग आहे.

हीच गोष्ट मराठी भावगीताला आणि चित्रपटगीताला लागू आहे, आणि आदरांजलीच्या कार्यक्रमाच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा आम्हांस हाच वाटतो. ही गाणी मुद्रणकक्षात जन्मली. व्हायोलिनांचा ताफा, सतार, बासरी, मेंडोलिन, ढोलकी यांचा तो मेळ काही तासांपुरता जमला, फीत तयार झाली आणि वादक आपापल्या वाटेने गेले. त्या गाण्यांना रंगमंचावरचे आयुष्य मिळाले ते वाद्यवृंदांमुळे. पुण्याच्या 'मेलडी मेकर्स'सारख्या, प्रमिला दातारांच्या 'सुनहरी यादें'सारख्या संस्थांनी ती गाणी जिवंत वाद्यांवर शहरोशहरी नेली. पुढे अशोक हांडे यांनी 'माणिकमोती', 'अमृतलता', 'मराठी बाणा' अशा कार्यक्रमांतून गाण्यांना निवेदन, नृत्य आणि इतिहास यांची जोड दिली. अशा कार्यक्रमात गाणे ऐकता ऐकता श्रोत्याला कवी कोण, संगीतकार कोण, प्रसंग कोणता हे कळते. ध्वनिमुद्रिकेतून जे कळत नाही ते कळते आणि गाणे कानाआडच्या इतिहासासह परत मिळते.

या वाद्यवृंदांचे दुसरे ऋण वादकांचे. अंतऱ्याआधीच्या चार मात्रांत बासरीचा जो तुकडा आपल्या स्मरणात असतो तो समोर बसलेल्या माणसाने फुंकर घालून काढलेला पाहणे हा एक स्वतंत्र अनुभव आहे. तो तुकडा चुकू शकतो. चुकण्याची शक्यता आहे म्हणूनच तो साधला की सभागृहाचा श्वास सुटतो. तिकिटाचा मोठा वाटा या जोखमीचा असतो. ध्वनिमुद्रिकेत जोखीम उरलेली नसते. ती वर्षांपूर्वीच कोणी तरी पत्करून पार पाडली आहे.

नेमक्या याच जागी अलीकडच्या कार्यक्रमांनी घात केला आहे. वादकांचे मानधन वाचविण्यासाठी वाद्यांचा भाग आधीच मुद्रित केलेल्या 'ट्रॅक'वर चालवावयाचा आणि त्यावर गायकाने गावयाचे, ही प्रथा कराओकेमुळे सर्रास झाली. घरगुती संमेलनात ती निरुपद्रवी आहे. हौशी माणसाला गाण्याचा आनंद मिळतो, हे चांगलेच आहे. पण तिकीट लावलेल्या कार्यक्रमात रंगमंचावर एक तबलजी आणि एक कीबोर्डवाला शोभेपुरते बसवून बाकीचे सारे ट्रॅकवर सोडणे ही श्रोत्याची फसवणूक होय. असे कार्यक्रम आम्ही पाहिले आहेत. गायकाला लय थोडी सैल सोडावीशी वाटते आणि ट्रॅक त्याला ओढून पुढे नेतो. एखादी ओळ श्रोत्यांच्या आग्रहाखातर पुन्हा घ्यावी तर यंत्राला ते कळत नाही. 'वन्स मोअर' ही मराठी नाट्यसंगीताची जुनी दाद आहे, आणि ट्रॅकवरच्या कार्यक्रमात तिला जागाच नसते. जोखीम गेली, दाद गेली. उरला तो सारखेपणा, आणि तो तर खिशातल्या फोनमध्ये आधीच आहे. आरंभी मांडलेला आक्षेप अशा कार्यक्रमापुरता पूर्णपणे खरा आहे.

मोलाचा विचार करताना पैसा कोणाकडे जातो हेही पाहावयास हवे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या ५२ व्या कलमात एक अर्थपूर्ण सवलत आहे. हौशी मंडळाने पैसे न घेता श्रोत्यांसमोर एखादी कृती सादर केली, अथवा धार्मिक संस्थेच्या लाभासाठी केली, तर तो हक्कभंग होत नाही. म्हणजे गाणे हौसेचे कोठवर आणि व्यवसायाचे कोठून, ही रेषा ओढताना कायद्यानेही तिकिटाकडेच पाहिले आहे. तिकीट लावले की गीतकार आणि संगीतकार यांचा वाटा निघावयास हवा. त्यासाठी परवाना देणारी 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' ही संस्था १९६९ पासून आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा हा हक्क अधिक बळकट केला. हक्काची मुदत कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये वारले. त्यांची पदे आता सर्वांची झाली आहेत. माडगूळकर १९७७ मध्ये गेले. त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ च्या अखेरीपर्यंत टिकेल. फलकावर मात्र दोनच नावे असतात, मूळ गायकाचे आणि नव्या गायकाचे. ज्याने शब्द लिहिले आणि ज्याने चाल बांधली त्यांचा पत्ता नसतो. पदाच्या माथ्यावर चालीचा उगम छापणाऱ्या जुन्या नाटककारांची येथे आठवण होते. उसने घेण्यात कमीपणा नाही, पण कोणाकडून घेतले ते सांगण्याची रीत मात्र आपण सोडली.

महागड्या तिकिटाने अस्सलपणाची हमी मिळते, असाही एक समज आहे. शीळफाट्यावरून महापेमार्गे नेरुळला जाता येते, तेथील डी. वाय. पाटील स्टेडियमवर १० मे २०१७ रोजी जस्टिन बीबर आला. तिकिटे हजारोंच्या घरात होती. कार्यक्रमानंतर, त्याने पुष्कळशी गाणी मुद्रित आवाजावर केवळ ओठ हलवून केली, अशी टीका झाली. माणूस अस्सल, पण त्या क्षणाचे गाणे अस्सल होते काय, असा प्रश्न विचारला गेला. त्याच मैदानावर जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले आले तेव्हा तिकिटे अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती आणि त्यासाठी झुंबड उडाली. ते मोल मूळ कलावंताच्या उपस्थितीचे होते आणि ज्यांना ते परवडले त्यांच्याशी वाद घालण्याचे कारण नाही. पण तुलना करावयाची तर ती नीट करावी. नाट्यगृहातील आदरांजलीच्या कार्यक्रमाचे तिकीट पुष्कळदा काही शेकड्यांत असते; पाचशे रुपयांपर्यंतच्या अशा तिकिटावर २०१८ मध्ये सरकारने वस्तू व सेवा कर माफ केला. त्या पैशांत आठ वादक आणि दोन गायक यांनी आपल्या समोर, आपल्यासाठी, चुकण्याची भीती पत्करून तीन तास काम केले असेल, तर तो सौदा स्वस्तच म्हणावा लागेल.

उपनगरांचा आणखी एक हिशोब आहे. मराठी संगीतव्यवहाराचे केंद्र दीर्घकाळ गिरगाव-दादरमध्ये आणि पुण्यात राहिले. कल्याण-डोंबिवलीचा श्रोता लोकलने दादरला जाई आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून भैरवीआधी उठे. ऑस्ट्रेलियाचे अंतर सागराचे होते, आपले शेवटच्या गाडीचे. दुसरे आवाज गावात आले ते या अंतरावर उपाय म्हणून. आणि काळाचे अंतर तर कोणत्याच गाडीने ओलांडता येत नाही. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर गेल्या. आता डोंबिवलीला आणि दादरला त्या सारख्याच दूर आहेत. आज आठवीत शिकणारी मुलगी ती गाणी पुढ्यात गाइली जाताना ऐकेल ती दुसऱ्याच कोणाच्या गळ्यातून. तिला ती ऐकावयास मिळावीत की ती फक्त फोनमध्ये राहावीत, हे आपल्या तिकीट काढण्यावर ठरणार आहे.

म्हणून सरसकट होय किंवा नाही, असे उत्तर देता येत नाही. तिकीट काढण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न मात्र सांगता येतात. वादक किती आणि कोण, हे जाहिरातीत लिहिले आहे काय? गीतकार-संगीतकारांची नावे आहेत काय? निवडीत नेहमीच्या दहा गाण्यांपलीकडचे काही आहे काय? आणि गायक स्वतःला कोणाचा 'व्हॉइस' म्हणवितो, की स्वतःच्या नावाने उभा राहतो? चारही उत्तरे नकाराची असतील तर घरी बसून ध्वनिमुद्रिका ऐकावी. मूळ गायकाचा मान त्यात अधिक राहील. यांतील दोन-तीन उत्तरे जरी होकाराची असली, तरी शीळफाट्याची कोंडी सोसून अवश्य जावे. जाताना सारखेपणाची अपेक्षा मात्र घरी ठेवावी. समोरच्या माणसाला त्या गाण्यात काय उमजले ते ऐकावे आणि एखादी जागा खरोखर साधली तर 'वन्स मोअर' मागण्यास संकोचू नये.